दिवेवालीची जागा

खोटं सांगत असेन तर उद्या सकाळी माझी बस चालू होऊ नये. जे सांगतोय ते घडलेलं आहे, जसंच्या तसं, आणि ज्याच्या बाबतीत घडलं तो वर्षानुवर्षं माझ्या शेजारी, समोरच्या काचेकडे पाठ करून, हातात माईक घेऊन उभा असायचा. त्या रात्री मी स्वतः दीपगृहापाशी होतो. म्हणजे अगदी पाशी नव्हतो, खालच्या वळणावर गाडी लावून बसलो होतो. बरं, गाडीतही नव्हतो, घरी जेवत होतो. पण आमच्या खिडकीतून दीपगृह दिसतं. दिवसा दिसतं. हसा, हसा. तुम्ही सगळी नवी गाईड मंडळी, उद्यापासून ह्याच किनाऱ्याच्या रस्त्यावर लोकांना फिरवणार, तेव्हा आज हसून घ्या. तो दिवा जरा बारीक करा, किडे येतायत. आणि मधे मधे विचारू नका, मला खोटं बोलावं लागतं.

त्या गाईडला सगळे ‘तारीख’ म्हणायचे. आपल्या रस्त्यावरची चारही ठिकाणं त्याला तोंडपाठ. समुद्रात उतरलेली दगडी कमान, जुनं जकातघर, तोफेचा बुरूज आणि पार टोकावरचं दीपगृह. कुठली भिंत कोणी बांधली, कधी पडली, पुन्हा कोणी उभी केली, सगळं. अडचण एकच, ते कोणाला ऐकायचं नसे. जकातघरापाशी तो छपराच्या कौलांपर्यंत येईस्तोवर अर्धी मंडळी आइस्क्रीमच्या गाडीपर्यंत पोचलेली असायची.

आणि दुसरा, त्याचा साडू. दोन बहिणींचे हे दोन नवरे. थोरली तारीखची, धाकटी ह्याची. हा मुळात पाट्या रंगवणारा, म्हणून नाव रंगारी. काम नसलं की माझ्या बसमध्ये फुकट फिरायचा. एकदा तारीखला ताप आला म्हणून हा त्याच्या जागी माईक घेऊन उभा राहिला. उभा राहिला तो पुन्हा बसलाच नाही.

कमानीखालून जाताना तारीख सांगायचा, लाटांनी दगड कसा झिजला. रंगारी सांगायचा, हात धरून इथून गेलेलं जोडपं आयुष्यात भांडत नाही. तारीख मागून म्हणायचा, “आम्ही दोघं शंभरदा गेलोय.” लोक हसायचे. पण टाळ्या रंगारीला मिळायच्या.

त्याची खरी कमाल दीपगृहापाशी. तिथं त्यानं एक बाई उभी केली होती. दिवेवाली. दीपगृहावर जो दिवेवाला होता ना, त्याची बायको. तिच्या मनात भरलं की नवरा रोज दिवा लावतो तो गलबतांसाठी नाही, एका गलबतातून येणाऱ्या दुसऱ्या बाईसाठी. मग एका वादळाच्या रात्री ती तेवढा जिना चढून गेली, आणि फुंकर मारून दिवा विझवला. गलबत खडकावर फुटलं. त्यात दुसरी बाई नव्हतीच. त्यात तिचा सख्खा भाऊ होता, बहिणीला भेटायला निघालेला. इथं रंगारी छातीवर हात ठेवून गप्प व्हायचा. बायका डोळ्यांना पदर लावायच्या, पुरुष उगीचच चष्मे पुसायचे.

तारीखचा तिळपापड व्हायचा. “अरे, दिवेवाला अविवाहित होता! दिवा काचेच्या पेटीत असतो, फुंकरीनं विझतो होय? आणि वादळ कसलं, गलबत धुक्यात फुटलं!”

“साडूभाऊ,” रंगारी त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, “तुमचं सगळं बरोबर असतं. तिथंच तर गोची आहे.”

घरं एकमेकांना लागून, मधे कमरेएवढी भिंत. धाकटी संध्याकाळी दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता हाक मारायची, “ताई, आज ह्यांना एका बाईंनी टोपी भेट दिली गं. चांगली भारीतली.”

थोरली म्हणायची, “आमच्या ह्यांनाही दिली ना एकीनं. पिशवी. धरायला.”

आणि आत येऊन नवऱ्याला ऐकवायची, “धाकटीचा नवरा दगडालाही रडवतो. तुम्ही रडणाऱ्यालाही झोपवता.”

तर असं ते दुखणं पोटात घेऊन तारीख जगत होता. चेहऱ्यावर काही नाही, आत मात्र सतत मिरची घासल्यासारखं. आणि नेमकं त्याच हिवाळ्यात एका मोठ्या टूर कंपनीनं आपला रस्ता घ्यायचं ठरवलं. कंपनीच्या बाई स्वतः येणार, दीपगृहापाशी दोघांचं बोलणं ऐकणार, आणि एकालाच सगळ्या बस देणार. एकालाच. रंगारीचं काय, त्याच्या हातात ब्रश होता. तारीखला ह्या चार ठिकाणांखेरीज जगात दुसरं काही येत नव्हतं. बाई यायच्या होत्या बुधवारी सकाळी.

ही गोष्ट आदल्या मंगळवारच्या रात्रीची. जानेवारी, उद्या अमावस्या, आणि वारा नावाला नाही.

जेवायला बसणार एवढ्यात लॉजमधून निरोप आला की आजच्या फेरीतल्या एका आजींचा चष्मा दीपगृहाच्या पायरीवर राहिलाय आणि त्या पहाटेच्या गाडीनं जाणार आहेत. थोरली म्हणाली, “जा, घेऊन या. जाता-येता उद्याचं बोलणं जरा घोळवा. आणि हात जोडते, कौलं वगळा.”

शेजारच्या घरातून रंगारीचं घोरणं ऐकू येत होतं. आठही वाजले नव्हते. उद्या एवढी मोठी परीक्षा, आणि हा गडी ढाराढूर. तारीख सगळ्या वाटेनं त्या घोरण्यावरच जळत होता.

टोकापर्यंत चालत पाऊण तास लागतो. दीपगृहाचा दिवा कधीचाच बंद. नवा दिवा पलीकडच्या बेटावर. आता नुसता पांढरा मनोरा, समोर फरशीचं अंगण, आणि अंगणाच्या टोकाला समुद्राच्या बाजूचा कठडा, त्याच्या पलीकडे सरळ खाली कडा. त्या कठड्याचा मधला तुकडा कोसळलेला आहे, तुम्ही पाहिलाय. दिवसा तिथं दोर बांधतात. संध्याकाळी रखवालदार तो दोर सोडून घरी नेतो, चोरीला जाऊ नये म्हणून. तारीखला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याला ते झोपेतही माहीत होतं.

चष्मा पहिल्याच पायरीवर सापडला. त्यानं तो खिशात ठेवला. परत फिरायचं, बस. पण समोर रिकामं अंगण होतं, आणि ऐकायला कोणी नव्हतं. त्याला वाटलं, बघू तरी. एकदाच. रंगारी असं काय करतो मोठं?

पायरीवर उभा राहून त्यानं छातीवर हात ठेवला आणि सुरुवात केली. “मंडळी, ह्या मनोऱ्यात एक बाई राहायची...”

आधी स्वतःचीच लाज वाटली. मग आवाज लागला. मग तर असा लागला की रंगारीनं येऊन ऐकावं! रंगारी जिन्याचं एका वाक्यात उरकायचा. तारीखनं तिला हळूहळू चढवलं, मधे दम खायला थांबवलं, भिंतीवर टेकलेला तिचा हात दाखवला. आणि बोलता बोलता तो चालू लागला. उलटा.

हे नीट ऐका, हा तुमच्या कामाचा भाग आहे. गाईड लोकांकडे पाठ करत नाही. तोंड लोकांकडे, पावलं मागे मागे. मागे वळून रस्ता बघावा लागत नाही, कारण पायांना बोलणं पाठ असतं. अमुक वाक्याला पायरी, तमुक वाक्याला वळण. तारीखचं बोलणं मनोऱ्याच्या पायरीशी सुरू व्हायचं, आणि ‘ही काच जहाजातून मागवली’ ह्या वाक्याला त्याचा पाय आपोआप डावीकडे वळायचा. कठड्याच्या बराच अलीकडे.

पण त्या रात्री तो स्वतःचं बोलत नव्हता. साडूचं बोलत होता. आणि दिवेवालीच्या गोष्टीत काचेचं वाक्य नाही.

तो अंगणाच्या मध्यावर आला असेल, तेव्हा कोणीतरी खोकलं.

हलकंच. घोळक्यात मागे उभं राहून कोणी खोकतं ना, तसं.

त्याला वाटलं, लॉजमधले कोणी फिरायला आले असतील. मनोऱ्याच्या पायथ्याशी अंधारात काहीतरी दाट दाट दिसत होतं, माणसं उभी असल्यासारखं. त्याच्या हातात बॅटरी होती. तुम्ही म्हणाल, मारायचा ना उजेड. पण दुसरा नियम तोच. ऐकणाऱ्याच्या तोंडावर बॅटरी मारायची नाही, उजेड आपल्या पायाशी ठेवायचा. इतकी वर्षं हाडात मुरलेलं. त्यानं बॅटरी स्वतःच्या पायाशीच धरली.

आणि खरं सांगू? त्याला बघायचंही नव्हतं. कारण ते ऐकत होते. कोणी कुजबुजत नव्हतं, कोणी आइस्क्रीमकडे सटकत नव्हतं. तो एक पाऊल मागे गेला की त्यांची पावलं एक पाऊल पुढे यायची. सगळ्यांची, एकदम. सर्र. त्याला वाटलं, आहे का रंगारीकडे असं ऐकणारं? ये म्हणावं, बघ म्हणावं!

“...आणि तिनं ओठ जवळ नेले,” तो म्हणाला, “आणि...”

घोळक्यात कोणीतरी रडू लागलं.

तारीखला आयुष्यात कोणी असं रडून दाखवलं नव्हतं. त्याचा ऊर भरून आला.

“विचारू का?” बाईचा आवाज होता. मागून. दबका.

“विचारा की, ताई.”

“फुंकर मारली... तेव्हा ती एकटीच होती?”

“एकटीच.”

“तिला कोणी थांबवलं नाही?”

“थांबवायला होतं कोण?”

सर्र. एक पाऊल. त्याचंही एक, मागे.

“मग तुम्हाला... कसं कळलं?”

तारीख हसला. घोळका हसला नाही.

लाटांचा आवाज आता खालून येत होता. अगदी खालून. तो त्यानं ऐकला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

“खरं सांगा,” आवाज म्हणाला. आता मागून नव्हता येत. पुढे आला होता. “रोज ऐकते मी. दिवसातून तीनदा जिना चढते. तीनदा भाऊ मारते... खरं सांगा. ती होती का?”

त्याच्या जिभेवर ‘होती’ आलं होतं. कोणीही हेच म्हणालं असतं. रंगारी असता तर छातीवर हात ठेवून म्हणाला असता, होती हो, बाई. पण तारीखच्या डोळ्यांसमोर नेमका तोच हात आला. त्या टाळ्या आल्या, ती टोपी आली, ते घोरणं आलं. ‘होती’ म्हटलं की ती पुन्हा रंगारीचीच. हे रडणंही त्याचंच. हा सगळा घोळका त्याचाच.

“नव्हती,” तो म्हणाला.

रडणं थांबलं. हुंदका अर्ध्यावर होता... तिथंच.

“माझ्या साडूनं बनवली. दिवेवाल्याला बायकोच नव्हती. अशी बाई कधी जन्मालाच आली नाही.”

गप्प.

समुद्रही.

मग त्याच्या ध्यानात आलं. आपण डावीकडे वळलोच नाही.

त्याची टाच खाली गेली... आणि खाली काही नव्हतं.

हातातली बॅटरी उडाली. गरगरत गेली. तिचा उजेड एकदा, एकदाच, सगळ्या अंगणावरून फिरला. पायरीपासून त्याच्या पायापर्यंत.

अंगण रिकामं होतं.

बॅटरी खाली पडत राहिली. पडल्याचा आवाज आला नाही.

आणि कोणीतरी त्याचं मनगट धरलं. हात गार नव्हता. तापला होता. रात्रभर जळलेल्या दिव्याच्या काचेसारखा.

कानाशी आवाज आला...

“मग आता तुम्ही बनवा.”

...

काय गं, पाणी हवंय? घे. नाही? मग त्याच्या दंडाला का धरलंयस? राहू दे, राहू दे.

तर तारीख घरी आला. चष्मा लॉजवर पोचवून आला, हे त्यातल्या त्यात विशेष. थोरलीनं विचारलं, “बॅटरी कुठाय?” तो तसाच पलंगावर जाऊन बसला. जेवलाही नाही.

बुधवारी सकाळी कंपनीच्या बाई आल्या. गोऱ्या, उंच, कपाळाला आठी. दोघी बहिणीही बसमधून आल्या, आपापल्या नवऱ्याची बाजू घ्यायला. आधी रंगारी उभा राहिला. नेहमीसारखा. हसला, छातीवर हात ठेवला, आणि म्हणाला, “मंडळी, ह्या मनोऱ्यात...”

थांबला. मनोऱ्याकडे पाहिलं. डोकं खाजवलं.

“ह्या मनोऱ्यात एक दिवेवाला होता,” तो म्हणाला. “अविवाहित. इथं एक गलबत फुटलं. धुकं होतं.”

आणि खाली बसला.

धाकटीनं कोपरानं ढोसलं, “अहो, पुढे?”

“पुढे काय? एवढंच आहे.”

मग तारीखची पाळी. त्यानं घरून ठरवून आणलं होतं, काचेपासून सुरुवात करायची आणि दिवेवालीचं नावही काढायचं नाही. त्यानं तोंड उघडलं. तोंडातून ती आली. ती बाई, तो जिना, तो भिंतीवर टेकलेला हात. ती कुठल्या पायरीवर दम खायला थांबली, तेही त्याला माहीत होतं. आदल्या रात्री नव्हतं. कंपनीच्या बाईंनी गॉगल चढवला तो रडं लपवायला. थोरली तर ओक्साबोक्शी रडली, आणि मागून तिनं भिंतीवरून धाकटीला काय काय ऐकवलं ते विचारू नका.

सगळ्या बस तारीखला मिळाल्या.

दुपारी त्यानं रंगारीला एका बाजूला घेतलं. “का केलंस असं? तुझी दिवेवाली कुठं गेली?”

रंगारी त्याच्याकडे बघत राहिला. “साडूभाऊ, आज काय सांगितलीत हो तुम्ही! असलं कधी सुचलं तुम्हाला?”

“मला? अरे, तुझीच ना ती!”

“माझी?” रंगारी मनापासून हसला. “माझं डोकं चालतं का एवढं? मी आपला पाट्या रंगवणारा माणूस.”

धाकटीला विचारलं. तीही म्हणाली, “भाऊजी, आम्ही तर आजच ऐकली.” थोरलीही तेच. मी? मीही आजवर तारीखच्याच तोंडून ऐकत आलोय, बाबा. आधीचं मला काही आठवत नाही. आता मग आधीचं सगळं तुम्हाला कसं सांगितलं, असं विचारू नका म्हणून सुरुवातीलाच बजावलं होतं.

रंगारी पुन्हा पाट्या रंगवायला लागला. शीळ घालत. दिवस मावळला की जेवतो आणि भिंत हलेल असा घोरतो. आणि तारीख रात्रभर पलंगावर बसून ते घोरणं ऐकतो. तुम्हाला वाटेल, जिंकलेला माणूस, आता कशाला जळेल? पण तो त्या झोपेवर जळतो. कारण ह्याला झोप नाही. रोज रात्री तिचं काहीतरी नवीन कळतं. लहानपणी भावानं तिला झाडावरून ढकललं होतं, ते. तिला अंधाराची भीती वाटायची, ते. तो कोणाला विचारत नाही. त्याला नुसतं कळतं.

आणि एक आहे. तुम्ही त्याच्याबरोबर उद्या फेरीला जाल, तेव्हा शेवटी सगळे दीपगृहापुढे फोटो काढतात, ते बघा. लोक आपसूक रांगेत उभे राहतात, मधे तारीख. त्याच्या एका बाजूला माणसं खांद्याला खांदा लावून. दुसऱ्या बाजूला, समुद्राकडच्या, एका माणसाची जागा मोकळी. कोणी सांगत नाही, कोणी ठेवत नाही. फोटो काढणारा ओरडतो, “सरका की जरा आत!” लोक सरकतात. फोटो बघावा, तर जागा तशीच. माझ्या मोबाईलमध्ये असे कितीतरी आहेत. घरच्या फोटोतसुद्धा आहे; थोरली त्याची बायको, आणि ती हातभर लांब उभी. तो फोटो बघून तिनं भांडी आपटली होती. “कोणासाठी ठेवलीय ही जागा? नाव तरी सांगा सटवीचं!”

काय म्हणालास? ह्यात खोटं किती? बरं, आता झोपायच्या वेळी कबूल करून टाकतो. मनगट धरलं, तो भाग माझा. तो तापलेला हात, कानाशी आलेला आवाज, ते मी घातलं. घालावं लागतं, नाही तर तुम्ही विचारणार, पाय कड्यावरून खाली गेल्यावर तो वाचला कसा. आणि ते मला माहीत नाही. तेवढं त्यानं कधीच सांगितलं नाही. विचारलं की बसल्या बाकावर थोडा बाजूला सरकतो.